कूलंट जाते कुठे?

गाडीच्या इंजिनातले कूलंट खर्च होण्यासाठी नसते. पेट्रोल जळते, ब्रेकचे लायनर झिजतात, टायर गुळगुळीत होतात. कूलंट मात्र एका बंद वाटेने फिरत राहते. वर्षभरात टाकीतली पातळी बोटभरही खाली येऊ नये, अशीच ही व्यवस्था आखलेली असते. म्हणून दर आठवड्याला किंवा दर महिन्याला टाकीत भर घालावी लागत असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर गळते आहे किंवा इंजिनाच्या आत झिरपते आहे, एवढे नक्की समजावे. वरून ओतत राहिल्याने ती वाट बंद होत नाही. ती शोधावी लागते. शोध क्रमाने घेतला, तर बहुतेक वेळा दोष एखाद्या रबरी पाइपात, क्लिपमध्ये किंवा झाकणात सापडतो आणि काम थोडक्यात भागते. क्रम सोडला, तर एका झाकणापायी इंजिन खोलले जाते, किंवा एका पाइपापायी चांगले इंजिन कायमचे बसते.

इंधन जळते त्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. सिलिंडरचे हेड बहुतेक गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही हेड शाबूत राहते, कारण त्याच्या भिंतींच्या आतून कूलंट सतत वाहत असते. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा कूलंटला उचलून बाहेर न्यावा लागतो. वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडीही म्हणतात, कूलंटला ब्लॉकमध्ये ढकलतो. तिथून ते हेडमध्ये चढते, थर्मोस्टॅटमधून रेडिएटरमध्ये येते, तिथल्या चपट्या नळ्यांतून जाताना वाऱ्याला उष्णता देते आणि पुन्हा पंपाकडे वळते. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान त्याच्या आतले मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. एक छोटी शाखा डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जाते. या वाटेवर जिथे जिथे जोड आहे, तिथे तिथे गळतीला जागा आहे.

कूलंट म्हणजे पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असेल, तर ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. महाराष्ट्रात गोठण्याची धास्ती नाही, पण या मिश्रणाचे दुसरे दोन गुण इथे रोजच्या रोज कामी येतात. एक म्हणजे ते उशिरा उकळते, साधारण १०७ अंशांना. दुसरा म्हणजे ब्लॉकचे लोखंड आणि हेडचे अ‍ॅल्युमिनियम त्याने गंजत नाही. यावर दाबाची जोड दिलेली असते. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे तापते म्हणून. रेडिएटरचे झाकण नेमके हेच साधते. बहुतेक गाड्यांत ते सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधे पाणी १२० अंशांना उकळते आणि कूलंट त्याहूनही वर.

हा दाब टिकला नाही, की उकळण्याची मर्यादा झपाट्याने खाली येते. उंचीवर तर ती आणखी खाली असते. महाबळेश्वरात उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये असते, इंजिनावर भार पूर्ण असतो आणि वेग कमी असल्याने पुढून येणारा वाराही कमी असतो. त्यामुळे सपाटीवर महिनोन्‌महिने लक्षात न आलेली गळती कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर एकदम उघडी पडते.

याच दाबातून सगळ्यात मोठा धोका निर्माण होतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले, की दाब क्षणात उतरतो, शंभर अंशांच्या पुढे गेलेल्या कूलंटची वाफ होते आणि ते कारंज्यासारखे उसळते. चेहरा, हात आणि छाती गंभीर भाजते. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला थंड लागेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. थंड झाल्यावरही त्यावर जाड फडके ठेवून, आधी थोडेसेच फिरवून, उरलासुरला दाब जाऊ द्यावा.

चालत्या गाडीत कूलंट कमी झाल्याची खूण काही वेळा फसवी असते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असताना खरे सांगतो. पातळी त्याच्याही खाली गेली, की तो हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. अनेक नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे अतितप्त. हीटर गरम करून पाहावा आणि इंजिन तापलेले असूनही थंडच वारा येत असेल, तर हीटरपर्यंत कूलंट पोहोचत नाही, हा जवळजवळ उघड पुरावा आहे. लाल दिवा लागला, तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. थांबायला जागा मिळेपर्यंतच्या अंतरात हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवला, तर थोडी उष्णता केबिनमध्ये निघते. मग निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. जवळच पोहोचू, या आशेने तशीच दामटलेली गाडी बहुतेक वेळा हेड गॅस्केट घालवूनच थांबते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे घट खरी आहे का, हे ठरवणे. तापल्यावर कूलंट फुगते आणि टाकीतली पातळी वर जाते. निवल्यावर ती खाली येते. म्हणून पातळी नेहमी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जमिनीवर पाहावी. ती किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये असावी. टाकीवर मार्करने रेघ मारावी, किलोमीटर लिहून ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. इथे गाड्यांतला एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. काही गाड्यांत दाबाचे झाकण थेट प्लास्टिकच्या टाकीवरच असते. काहींत ते रेडिएटरवर असते आणि बाजूची बाटली फक्त उतू गेलेले कूलंट साठवते; इंजिन निवले, की ते परत आत खेचले जाते. या दुसऱ्या प्रकारात बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असे होऊ शकते. झाकण किंवा बाटलीची बारीक नळी खराब असेल, तर कूलंट बाहेर जाते पण परत येत नाही. म्हणून अशा गाडीत थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट अगदी गळ्यापर्यंत आहे का, हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

दुसरी पायरी बाहेरून शोधण्याची. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी डाग कुठे पडला, ते पाहावे. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याला रंग नसतो, वास नसतो, बोटाला बुळबुळीतपणा लागत नाही. कूलंट हिरवे, गुलाबी, लाल किंवा निळे असते, बोटांत चिकटसर लागते आणि त्याला गोडसर वास येतो. बऱ्याचदा मात्र जमिनीवर थेंबही पडत नाही, कारण गळलेले कूलंट गरम धातूवर पडताच उडून जाते. मागे राहतो तो वाळलेला थर: पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाचा, मिठासारखा. टॉर्च घेऊन हा थर शोधणे हे या तपासणीचे मुख्य काम.

सुरुवात पाइपांपासून करावी. थंड इंजिनावर वरचा आणि खालचा पाइप हाताने दाबून पाहावा. चांगले रबर लवचीक असते. जुने झालेले कडक होते, तडकते किंवा क्लिपजवळ फुगून मऊ पडते. क्लिपच्या कडेला थर दिसला, तर क्लिप सैल आहे किंवा तिच्याखालचे रबर मेले आहे. मग रेडिएटर. त्याची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. धातूची किनार दुमडून त्या बसवतात आणि मध्ये रबराची पट्टी असते. वर्षानुवर्षे तापून-निवून ही पट्टी आणि प्लास्टिक ठिसूळ होते आणि त्या शिवणीतून कूलंट पाझरते. वॉटर पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले एक बारीक भोक असते. आतले सील गेले, की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या भोकातून बाहेर यावे, अशी ती योजना आहे. तिथून खाली उतरलेला ओघळ दिसला आणि पुली हाताने हलवल्यावर खुळखुळली, तर पंप बदलायला झाला आहे. थर्मोस्टॅटचे घर अनेक गाड्यांत प्लास्टिकचे असते. त्याच्या सांध्यावर केसाएवढी चीर पडते. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल बुचे बसवलेली असतात. कूलंटऐवजी साधे पाणी वापरलेल्या जुन्या इंजिनांत ती आतून गंजतात आणि त्यांच्याखाली तांबूस ओघळ उतरतो.

गळती केबिनच्या आतही होते. डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर फुटला, की पुढच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो, गाडीत गोडसर वास भरतो आणि समोरच्या काचेवर आतून पुसली तरी न जाणारा तेलकट धुरकटपणा येतो. पावसाळ्यात हा ओलावा पावसाच्या पाण्याचाच समजला जातो. गालिच्याखाली बोट घालून चिकटपणा पाहिला, की शंका फिटते.

तिसरी पायरी झाकणाची. हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. झाकण उलटे करून पाहिले, तर त्यात दोन झडपा दिसतात. मोठी, स्प्रिंगची झडप ठरलेल्या दाबापर्यंत बंद राहते आणि त्यापुढे जादा कूलंट सोडते. तिच्या मधोमध बसलेली लहान झडप इंजिन निवताना उघडते आणि कूलंट परत आत घेते. मोठ्या झडपेचे रबर कडक झाले, त्यावर खाच पडली किंवा स्प्रिंग ढिली झाली, की कूलंट लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. लहान झडप अडकली, तर निवताना आत पोकळी तयार होते आणि वरचा पाइप चपटा होऊन बसतो. नवे झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा तोच आहे ना, हे पाहूनच घ्यावे.

एवढ्याने उलगडले नाही, तर चौथी पायरी दाबाच्या चाचणीची. यासाठी सायकलच्या पंपासारखा दिसणारा, मीटर लावलेला एक हातपंप असतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो बसवून, झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरतात. जास्त भरला, तर चांगला पाइपही फुटू शकतो. मग पंधरा मिनिटे काट्याकडे पाहायचे. काटा जागचा हलला नाही, तर थंड स्थितीत व्यवस्था घट्ट आहे. काटा हळूहळू उतरला आणि कुठे थेंब दिसला, तर वाट सापडली. काही गळत्या फक्त इंजिन थंड असतानाच होतात, कारण धातू आणि रबर आकसलेले असते. काही फक्त गरम झाल्यावर. म्हणून चाचणी दोन्ही स्थितींत करणे चांगले, आणि गरम स्थितीतली चाचणी जाणकार हातानेच व्हावी. थेंब दिसतच नसेल, तर कूलंटमध्ये खास रंगद्रव्य घालून गाडी दोन-तीन दिवस चालवतात आणि अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने पाहतात. गळतीची जागा अंधारात झळाळून उठते.

काटा उतरतो, पण बाहेर टिपूसही नाही, अशा वेळी पाचवी पायरी येते: इंजिनाच्या आत पाहण्याची. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवते: जळणारा वायू, ऑइल आणि कूलंट. ते जिथे फाटते, त्यावर लक्षण ठरते. सिलिंडर आणि कूलंट यांच्यामध्ये फाटले, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरून जळते. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट, पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. सकाळी सुरू करताना इंजिन काही क्षण अडखळते. एका सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा निघतो. उलट दिशेने, जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतो. मग थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होतो आणि टाकीत बुडबुडे अखंड येत राहतात. कूलंट ऑइलमध्ये गेले, तर डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसते आणि त्याची पातळी वाढलेली असते.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. निफाडच्या थंडीत पहाटे कोणत्याही गाडीतून पहिली काही मिनिटे पांढरी वाफ येते. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस साचतो, तो बाष्पाचा असतो. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर गॅस्केटला दोष देता येत नाही. खात्रीसाठी रासायनिक चाचणी आहे. टाकीतल्या कूलंटवरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढली जाते. त्या हवेत जळालेल्या वायूचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रावण हिरवट किंवा पिवळे होते. शिवाय प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून कोणता सिलिंडर कमजोर आहे, हे कळते. डिझेल गाड्यांत आणखी एक संशयित असतो: सायलेन्सरचा धूर निववून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर. तो आतून फुटला, तरी पांढरा धूर येतो आणि कूलंट घटते. हेड उतरवण्याआधी तो तपासलेला बरा.

दुरुस्ती दोष पाहून ठरते. पाइप आणि क्लिप यांची डागडुजी करू नये. बदलावेत, आणि एक पाइप वयाने गेला असेल, तर त्याच वयाचे बाकीचेही पाहून घ्यावेत. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी चिकटपट्टीने किंवा एम-सीलने तात्पुरती थांबते, कायमची नाही. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट वॉटर पंपाला फिरवतो, तिथे पंप बदलताना बेल्टही बदलावा, कारण मजुरी तीच असते. हेड गॅस्केट बदलताना नुसते जुने काढून नवे बसवणे म्हणजे अर्धेच काम. तापलेल्या हेडला बाक आलेला असतो. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवतात. अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरइतकी फट हीच मर्यादा असते. त्यापुढे बाक असेल, तर हेड घासून सपाट (फेस) करून घ्यावे लागते आणि तडा आहे का, तेही पाहावे लागते. हेडचे बोल्ट अनेक गाड्यांत आवळताना ताणले जातात. ते एकदाच वापरायचे असतात. ते कंपनीने दिलेल्या क्रमाने, दिलेल्या ताकदीने आणि कोनाने, टॉर्क रेंचनेच आवळावेत. ऑइलमध्ये कूलंट गेले असेल, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण त्या मिश्रणाने बेअरिंग खराब होतात.

रस्त्यावरची एक जुनी युक्ती म्हणजे रेडिएटरमध्ये हळद टाकणे. हळदीचे कण बारीक छिद्रात अडकतात आणि गळती थांबते. बाजारात मिळणारी गळती थांबवणारी औषधेही याच तत्त्वावर चालतात. आडरानात अडकलेली गाडी गावापर्यंत आणायला याचा आधार होतो. पण जे छिद्र बुजवते, ते रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. घरी पोहोचल्यावर सगळी व्यवस्था धुऊन खरी दुरुस्ती केली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात गाडी गळतीशिवायही तापते.

शेवटचे काम पुन्हा भरण्याचे. जुने कूलंट पूर्ण काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, मग नवे भरावे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार गरम धातूवर थर करतात आणि रेडिएटर चोंदतो. म्हणून तीव्र कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड पाणीच घ्यावे, किंवा तयार मिश्रण आणावे. रंगावरून कूलंटचा प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच भरावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत, नाहीतर गंजरोधक गुण जातो आणि कधीकधी गाळ तयार होतो. अडचणीत साधे स्वच्छ पाणी टाकले, तर बिघडत नाही. मात्र नंतर मिश्रणाचे प्रमाण नीट करून घ्यावे. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, हवा सोडण्याचा स्क्रू असेल, तर तो सैल करावा आणि कूलंट सावकाश ओतावे. आत हवा अडकली, तर पूर्ण भरलेली गाडीही तापते. इंजिन सुरू ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबावे, मग इंजिन निवू देऊन पातळी पुन्हा पाहावी. हवा निघाल्यामुळे ती थोडी उतरलेली असते.

काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशाने दगावतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. जुने कूलंट डब्यात भरून, झाकण लावून, जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दुरुस्तीनंतर टाकीवर नवी रेघ मारावी. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी आणि मग महिनाभर आठवड्यातून एकदा पातळी पाहावी. हजार किलोमीटर धावून, एखादा घाट चढूनही ती रेघेवरच राहिली, तर गळती बंद झाली असे समजावे. ती पुन्हा उतरली, तर दुसरी वाट अजून उघडी आहे. शोध पुन्हा पाइपांपासून सुरू करावा.